दूरध्वनीवरील पाहणी आणि नमुन्याची निवड

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या उत्पादनाचा अंदाज घेताना प्रत्येक बांधीतील पीक तोलले जात नाही. काही गावे, त्यांतील काही शेते व शेतातील एक ठरावीक तुकडा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही पसंतीला वाव न ठेवता निवडला जातो आणि तेवढ्याच तुकड्यातील धान कापून तोलले जाते. पीक कापणी प्रयोगाची ही रीत रूढ करण्यात सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. रस्त्यालगतचे, पाण्याखालचे चांगले शेत सोयीचे म्हणून निवडण्याची मुभा या पद्धतीत नाही. दूरध्वनीवरून केलेल्या पाहणीत मात्र असे सोयीचे शेत आपणहून पुढे येते.

नमुना ज्या यादीतून काढावयाचा ती यादी सदोष असेल, तर नमुना कितीही मोठा घेतला तरी दोष जात नाही. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने दूरध्वनी पुस्तिका व मोटारमालकांच्या याद्या यांच्या आधारे सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होतील असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मंदीच्या त्या काळात दूरध्वनी बाळगणारा वर्ग वेगळा होता. शिवाय उत्तर पाठविणारे व न पाठविणारे यांची मतेही सारखी नव्हती.

आज दूरध्वनी खेडोपाडी पोचला आहे, पण अडचण संपलेली नाही. ०७१८२ या संकेतांकावरून गोंदियाचा स्थिर दूरध्वनी ओळखता येतो. भ्रमणध्वनीच्या क्रमांकावरून जिल्हा कळत नाही. म्हणून पाहणी करणारे एखाद्या योजनेची तयार यादी घेतात. धान खरेदीसाठी नोंदलेल्या शेतकऱ्यांची यादी घेऊन रोजगाराविषयी विचारले, तर भूमिहीन मजूर प्रारंभीच वगळला जातो. यादीतील क्रमांकही अनेकदा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो.

स्त्रियांचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा भ्रमणध्वनी असल्याचे देशभरात आढळले. समजा, नळाच्या पाण्याविषयी हजार जणांना विचारले व त्यांत ७०० पुरुष निघाले. पुरुषांपैकी ७० टक्के आणि स्त्रियांपैकी ४० टक्के पाणी पुरेसे म्हणाले, तर सरासरी ६१ टक्के येते. दोघांना समान भार दिला की ती ५५ वर उतरते. आणि पाणी भरणारी कोण, हे सांगावयास नको. भार देऊन केलेली ही दुरुस्तीही अपुरीच, कारण दूरध्वनी नसलेल्या स्त्रीची स्थिती दूरध्वनी असलेल्या स्त्रीसारखीच असेल असे धरता येत नाही.

वेळेचाही परिणाम होतो. रोवणीच्या दिवसांत दुपारी बांधीत उभ्या असलेल्या मजुरापर्यंत घंटी पोचत नाही. मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी कुटुंबे पहाटेच जंगलात गेलेली असतात. देवरी, सालेकसा भागातील जंगलपट्टीत जेथे संपर्क तुटतो, तेथील क्रमांक ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात जातात. एखाद्याने दूरध्वनी उचलला तरी, कचेरीतून विचारणा होत आहे असे वाटल्यास ‘सर्व ठीक आहे’ असे उत्तर देणे त्याला सुरक्षित वाटते. गोंडी बोलणाऱ्या वृद्धेला प्रमाण मराठीतील लांबलचक प्रश्न विचारला तर तिचा होकार कशाला, हेही कळत नाही.

म्हणून अशा पाहणीचा अहवाल हाती आल्यावर टक्केवारीआधी तीन आकडे मागावेत: एकूण किती क्रमांक निवडले, किती लागले आणि किती जणांनी पूर्ण उत्तरे दिली. न लागलेल्या क्रमांकांवर सकाळी, सायंकाळी व सुटीच्या दिवशी पुन्हा प्रयत्न झाला होता काय, हेही विचारावे. त्यानंतरही उरलेल्यांतून थोडी घरे यादृच्छिक पद्धतीने निवडून तेथे प्रगणक पाठविणे खर्चाचे असले तरी शक्य आहे. त्या घरांची उत्तरे दूरध्वनीवरील उत्तरांशी ताडून पाहिली की फरक किती, याचा अंदाज येतो.