मुतखड्याच्या सीटीला किती किरण पुरतात?

कुशीत कळ उठते, सोनोग्राफीत मूत्रनलिकेतला खडा नीट दिसत नाही, मग डॉक्टर सीटी सांगतात. भांडगावचा पेशंट सोलापूर रस्त्याने यवत, उरुळी कांचन मागे टाकत पुण्याकडे निघतो. वाटेत घरच्यांना काळजी लागते ती किरणांची. काळजी रास्तच आहे.

सीटीत एक्स-रे ट्यूब शरीराभोवती फिरते, समोरचे डिटेक्टर आरपार आलेले किरण मोजतात आणि कॉम्प्युटर त्यांतून आडवे छेद रचतो. किरण कमी केले की चित्र रवाळ होते. याला नॉइज म्हणतात. पण डोस निम्मा केला तरी नॉइज दुप्पट होत नाही, साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. खड्याच्या पेशंटला याचा मोठा फायदा मिळतो. बहुतेक खडे कॅल्शियमचे, मऊ भागांपुढे पांढरेशुभ्र. रवाळ चित्रातही ते उठून दिसतात. म्हणून पोटाच्या नेहमीच्या सीटीला ८ ते १० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचे माप) लागत असले, तरी खड्याची लो-डोस सीटी ३ च्या आत होते. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. यकृतातली बारीक गाठ मात्र करड्यात करडी असते, तिथे ही काटकसर अंगाशी येईल. फार स्थूल पेशंटमध्येही जपूनच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती बिनखर्चाची गोष्ट: पेशंटला गॅन्ट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल कड्याच्या, बरोबर मध्यावर झोपवणे. मशीन आधी स्काउट, म्हणजे साधे आडवे-उभे चित्र घेते आणि त्यावरून कुठे किती करंट द्यायचा ते ठरवते. पेशंट ट्यूबच्या जवळ सरकला असेल तर स्काउटमध्ये तो जाडा दिसतो आणि मशीन विनाकारण जास्त किरण सोडते. लेझरची रेघ कुशीच्या मध्यावर येईपर्यंत टेक्निशियन टेबल वरखाली करत असेल, तर त्याला घाई करू नये. स्कॅनही मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून मूत्राशयापर्यंतच हवा, छातीत चढायला नको. उरलेला नॉइज नवी सॉफ्टवेअर पुनःपुन्हा गणित करून बराच कमी करतात.

सीटी केंद्राला एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना लागतो. प्रत्येक पेशंटचे सेटिंग मात्र त्या खोलीतच ठरते, म्हणून ‘खड्यासाठी लो-डोस होईल का?’ हे आधीच विचारावे. गर्भ राहिल्याची शंका असेल तर तेही तिथेच, सगळ्यात आधी सांगावे. नंतर डोस रिपोर्टवरचा डीएलपी, म्हणजे पूर्ण स्कॅनच्या डोसचा आकडा, पाहावा: मोठ्या माणसाच्या पोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणले की अंदाजे मिलिसिव्हर्ट मिळतात, २०० असेल तर ३. सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवावेत. पुन्हा कळ आली तर ते दाखवल्यावर पुष्कळदा सोनोग्राफी किंवा साध्या एक्स-रेवर भागते.