एक कागद, मूठभर कडधान्य आणि हेक्स

प्रिंट काढून घरीच बनवता येणाऱ्या फुकट खेळांत माझी पहिली पसंती हेक्सला! डेन्मार्कच्या पीट हाइनने तो १९४२ मध्ये लोकांपुढे आणला. पुढे प्रिन्स्टनमध्ये शिकताना जॉन नॅशलाही तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला.

षटकोनी घरांचा ११ बाय ११ पट छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. सोंगट्या म्हणून राजमा आणि पांढरे वाटाणे. आळीपाळीने एकेक दाणा ठेवत आपल्या समोरासमोरच्या दोन कडा जोडायच्या. ठेवलेला दाणा हलत नाही, मरत नाही. आणि डाव कधीच बरोबरीत सुटत नाही, कारण समोरच्याची वाट पूर्ण अडली की तुमची जुळलेलीच असते! पहिल्याचं पारडं जड असतं, म्हणून पहिला दाणा पडल्यावर दुसऱ्याला बाजू बदलायची मुभा द्या. हा नियम अजिबात गाळू नका.

एकट्याने खेळायचंय? निक हेजचं ‘युटोपिया इंजिन’ छापा. दोन फासे, एक पेन्सिल, बस्स. फाशांचे आकडे चौकटींत भरून तीन आकडी वजाबाकी करायची. उत्तर शून्याच्या जवळ हवं, शून्याखाली घसरलं की राक्षसाशी गाठ. पुढचं दान टाकण्याआधी आकडे लिहावेच लागतात, तिथेच खरा कस.