एक तळं, बारा महिने

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर गणपतीचे फोटो मागे पडतात आणि एकच प्रश्न फिरू लागतो, "यंदा पीक कधी आहे?" माझ्या सासूबाई पहिल्यांदा वाईहून इथे आल्या, तेव्हा हे ऐकून त्यांना वाटलं, इथले मराठी लोक सॉफ्टवेअर सांभाळून शेतीही करतात. झाडांच्या पानांच्या रंगाला 'पीक' येतं आणि ते बघायला माणसं तीन-तीन तास गाडी चालवत जातात, हे त्यांना समजावता समजावता चहा गार झाला. समजल्यावर म्हणाल्या, "म्हणजे चार दिवस बघायचं. आणि बाकी वर्षभर काय करता गं?"

प्रश्न खरा होता. न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचं निसर्गदर्शन म्हणजे ऑक्टोबरमधला कोलंबस डेचा लाँग वीकेंड. न्यू हॅम्पशरचा कँकमॅगस हायवे लिंकनपासून कॉनवेपर्यंत साडेचौतीस मैलांचा. रस्ता देखणा आहे, वादच नाही. पण त्या शनिवारी तिथे पानांपेक्षा पुढच्या गाडीचे लाल दिवे जास्त वेळ दिसतात. प्रत्येक वळणावरच्या जागेत तोच दगड, तोच ओढा, आणि त्या दगडावर बसून फोटो काढून घ्यायला उभी असलेली रांग.

व्हरमाँटमधल्या पॉमफ्रेट गावाची गोष्ट तर वर्तमानपत्रांत गाजली. तिथे क्लाउडलँड रोडवर एक खाजगी शेत आहे. उतारावरचं घर, वळणाची वाट आणि भोवती मेपलची झाडं. फोटो समाजमाध्यमांवर इतके पसरले की शरदात त्या अरुंद कच्च्या रस्त्यावर गाड्या अडकू लागल्या. लोक कुंपण ओलांडून आत जाऊ लागले, कपडे बदलायला तंबू उभारू लागले. शेवटी २०२३ च्या शरदात गावाने ऐन रंगांच्या आठवड्यांत बाहेरच्या गाड्यांना तो रस्ता बंद केला. आपल्या कास पठाराचंही तेच झालं. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं, गर्दी उसळली आणि फुलं पायदळी जाऊ लागली, म्हणून कुंपण, तिकीट आणि रोजच्या माणसांची मर्यादा आली. या दोन्ही जागांवर संकट आणलं ते त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच.

गेली काही वर्षं मी पीकच्या मागे जात नाही. घरापासून वीस मिनिटांवर एक तळं आहे, तिथे वर्षभर जाते. तळ्याचं नाव वॉल्डन.

नाव ओळखीचं वाटलं असेल. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी बॉस्टनजवळच्या कॉन्कॉर्डमधल्या या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला आला आणि ६ सप्टेंबर १८४७ पर्यंत राहिला. त्यातून 'वॉल्डन' हे पुस्तक झालं, आणि ते मराठीत आणलं दुर्गाबाई भागवतांनी, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने. ज्या बाईंनी १९५६ मध्ये 'ऋतुचक्र' लिहून चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा महिने आपल्याला नव्याने दाखवले, त्यांनाच हे पुस्तक भाषांतरासाठी जवळचं वाटावं, यात मला योगायोग दिसत नाही. दोघांचा धंदा एकच: रोजचीच झाडं रोज बघणं.

तळं तसं लहान. पूर्ण फेरी पावणेदोन मैलांची, मुलं बरोबर असली तर तासाभराची. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचा एक प्रचंड तुकडा वाळूरेतीत गाडला गेला, वितळला आणि हा खड्डा पाण्याने भरला. खोली मात्र शंभर फुटांच्या वर. थोरोने बर्फाला भोकं पाडून दोरी सोडून ती मोजली होती, १०२ फूट. त्याच्या काळात हिवाळ्यात इथला बर्फ कापून नेत. बॉस्टनचे व्यापारी असा न्यू इंग्लंडचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्ता, मद्रास, मुंबईपर्यंत पाठवत होते. पेशवाई बुडून जेमतेम तीस वर्षं झाली होती आणि मुंबईत साहेबाच्या पेल्यात मॅसॅच्युसेट्सचा बर्फ वाजत होता! गोठलेल्या तळ्यावर उभी राहिले की मला हे हमखास आठवतं.

हिवाळ्यापासूनच सुरुवात करते, कारण कॅमेरा तेव्हाच सगळ्यात जास्त कपाटात असतो. बर्फाचे फोटो मळकट, राखाडी येतात, ही सगळ्यांची तक्रार. कारण साधं आहे. समोरचं दृश्य सरासरीने करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. पांढरंशुभ्र रान दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चित्र काळवंडवतो. म्हणून एक ते दीड स्टॉप प्रकाश आपण वाढवायचा. फोन असेल तर पडद्यावर बोट टेकवून उजेड वर सरकवायचा. बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, म्हणून जास्तीची आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. घरी आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढायचा नाही. बंद पिशवीत तासभर राहू द्यायचा, नाहीतर काचेवर दव धरतं. आणि बर्फ कितीही घट्ट दिसला तरी फोटोसाठी त्यावर पाऊल टाकायचं नाही. खोल तळी उशिरा गोठतात आणि सगळीकडे सारखी गोठत नाहीत.

हिवाळ्याचा खरा गुरू मात्र व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा एक शेतकरी. विल्सन बेंटली. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी बर्फाच्या एका स्फटिकाचा फोटो काढला. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. त्यानंतर जन्मभर, थंड खोपटात श्वास रोखून, स्फटिक वितळायच्या आत, त्याने पाच हजारांहून अधिक स्फटिक टिपले. त्यासाठी तो आल्प्सला गेला नाही की अलास्काला गेला नाही. आपल्याच अंगणात पडलेलं त्याने टिपलं. १९३१ च्या अखेरीस त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच डिसेंबरात तो न्यूमोनियाने गेला.

आता वसंत. सासूबाई दुसऱ्या खेपेला एप्रिलच्या सुरुवातीला आल्या. त्यांच्या हिशेबाने चैत्र, म्हणजे पालवी, मोहोर. लोगन विमानतळावरून येताना गाडीच्या काचेतून दोन्ही बाजूंची उघडी झाडं बघत गप्प बसल्या होत्या. घरी आल्यावर हळूच विचारलं, "ही सगळी मेली का गं?" त्यांना वॉल्डनला घेऊन गेले. ओलसर जागी स्कंक कॅबेजचे जांभळट कोंब जमिनीतून वर आले होते. ही वनस्पती स्वतःची उष्णता निर्माण करून भोवतालचा बर्फ वितळवते. संध्याकाळी नखाएवढे पीपर बेडूक एका सुरात ओरडत होते. आईंनी मेपलच्या फांदीवरचे बारीक लाल तुरे बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, "मेली नाहीत. आत काहीतरी चाललंय." मी तिथेच त्यांचा फोटो काढला: फांदी, बोट आणि हिरव्या काचेच्या बांगड्या. माझ्या सगळ्या फॉल कलर्सच्या फोटोंपेक्षा तो मला जास्त आवडतो. मे महिन्यात पालवी फुटली तेव्हा हिरव्याच्या किती छटा आहेत हे त्यांनीच मला दाखवलं. ओकची कोवळी पानं गुलाबी निघतात, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वसंतातल्या फोटोंना आणखी एक मोल आहे. थोरो तळ्यावरचा बर्फ केव्हा पूर्ण फुटला हे लिहून ठेवायचा: १८४५ मध्ये १ एप्रिल, १८४६ मध्ये २५ मार्च, १८४७ मध्ये ८ एप्रिल. पुढे १८५० च्या दशकात कोणतं फूल कोणत्या दिवशी उमललं याच्या याद्या त्याने केल्या. त्याच्यानंतर कॉन्कॉर्डमधलाच आल्फ्रेड हॉस्मर नावाचा दुकानदार, फोटोग्राफीचा हौशी, १८८८ ते १९०२ अशी वर्षानुवर्षं शेकडो फुलांच्या नोंदी ठेवत राहिला. या नोंदींतून शास्त्र घडेल असं तेव्हा कोणाला वाटलं असेल? शंभर वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे विद्यार्थी अब्राहम मिलर-रशिंग यांनी त्याच वह्या घेऊन तीच फुलं पुन्हा शोधली. १८५२ ते २००६ या काळात कॉन्कॉर्डचं तापमान सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढलेलं, आणि त्रेचाळीस नेहमीच्या जाती सरासरी सात दिवस आधी फुलू लागलेल्या. तळ्याकाठी सगळीकडे दिसणारी हायबुश ब्लूबेरी तर एकवीस दिवस आधी. थोरोने पाहिलेल्या जातींपैकी साधारण चौथा हिस्सा आता तिथे सापडतच नाही.

हे वाचल्यापासून माझी पद्धत बदलली. पायवाटेवर तीन जागा ठरवल्या आहेत: खोपटाच्या जागेजवळचा काठ, एक वाकलेला ओक, एक ब्लूबेरीचं झुडूप. दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच उंचीवरून, एकेक फोटो. फोन तारीख आपोआप लिहितो, थोरोला हातानं लिहावी लागायची एवढाच फरक. फोटो एकामागोमाग एक लावले की झुडूप श्वास घेतंय असं वाटतं. मुलीने ते शाळेच्या सायन्स फेअरला वापरले. त्यात एकही फोटो फ्रेम करण्यासारखा नाही.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. जून ते ऑगस्ट वॉल्डन पोहणाऱ्यांचं असतं, वाहनतळ भरला की फाटक बंद होतं, आणि दुपारच्या उन्हात सगळं एकाच हिरव्यात बुडालेलं. सकाळी सातच्या आत गेलात तर पाण्यावर धुकं सापडेल, ते मात्र सोडू नका. विशेषतः ऑगस्टच्या शेवटी, रात्री थंड होऊ लागतात आणि पाणी अजून कोमट असतं, तेव्हा.

आणि मग शरद. पानं लाल का होतात हे एकदा कळलं की 'पीक'चा हट्ट आपोआप सुटतो. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडायला काढतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा गेल्यावर तो फक्त उघडा पडतो. लाल मात्र नवा तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्यासाठी स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण गोठवणाऱ्या नव्हेत अशा रात्री लागतात. म्हणून कोणत्याही दोन वर्षांचा लाल सारखा नसतो. दलदलीतले रेड मेपल सप्टेंबरातच पेटतात, शुगर मेपल ऑक्टोबरच्या मध्यात, आणि वॉल्डनचे ओक तर दिवाळीच्या आसपास तांबूस, कातड्यासारखे होतात. सगळ्यांचं एकच 'पीक' कुठून येणार? ढगाळ दिवस आला म्हणून सहल रद्द करू नका. पसरट, मऊ उजेडात रंग गडद येतात. पाऊस पडून गेला असेल तर फारच उत्तम. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझिंग फिल्टरने कमी केली की रंग आतून वर येतो.

गंमत बघा, आपली कोजागिरी नेमकी याच दिवसांत येते. वॉल्डन अंधार पडण्याआधीच बंद होतं, त्यामुळे चंद्र तिथे बघता येत नाही. आम्ही घरामागच्या डेकवर मसाला दूध घेऊन बसतो. तिवईवर कॅमेरा, आयएसओ १००, ॲपर्चर ११, शटर एक शतांश सेकंदाच्या आसपास. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, त्यामुळे तो दिवसासारखाच टिपायचा, नाहीतर फोटोत नुसता पांढरा ठिपका येतो. तो मेपलच्या अर्ध्या झडलेल्या फांद्यांत अडकेपर्यंत थांबावं लागतं, साडेआठ होतात. तोवर आईंचा वाईहून व्हिडिओ कॉल आलेला असतो आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ओकाची पानं पडली का गं?"