पावसाळ्यात घोड्याची पाठ कोरडी ठेवा
खपल्यांच्या रोगावर वेळीच इलाज करा

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, पाचगणीला घोड्यांवर प्रपंच चालवणारी बरीच कुटुंबे आहेत. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत भागातल्या मेंढपाळांचे बिऱ्हाडही घोड्याच्याच पाठीवर फिरते. या सगळ्यांचे भांडवल म्हणजे घोड्याची धड पाठ, आणि पावसाळ्यात नेमका तिलाच धोका असतो. श्रावणात पाठीवर चार खपल्या दिसतात, मालक म्हणतो, ‘पावसाचं आहे, जाईल आपोआप.’ दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक दारात उभे राहते तेव्हा जनावर पाठीला खोगीर लागू देत नाही. ऐन हंगामात घोडा ठाणावर बसून खातो. हे टाळता येते, आणि खर्चही फारसा नाही.

रोग कशामुळे होतो?

या रोगाचे शास्त्रीय नाव डर्मॅटोफिलोसिस. आपण त्याला पावसाळी खपल्या म्हणू. डर्मॅटोफायलस काँगोलेन्सिस नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. हा जिवाणू प्रथम १९१५ मध्ये आफ्रिकेतील तेव्हाच्या बेल्जियन काँगोमध्ये जनावरांच्या कातडीत आढळला, त्यावरूनच नाव पडले. घोड्याशिवाय गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांनाही तो होतो.

हा जंतू सुक्या खपलीत कित्येक महिने जिवंत राहतो. कातडी भिजली की तो जागा होतो. मात्र धड कातडीत तो शिरू शकत नाही. सतत भिजून कातडी मऊ पडली, माशी-गोचिडाने चावा घेतला, काटा ओरखडला किंवा खोगीर घासले की त्याला वाट मिळते. म्हणजे ओलावा आणि जखम या दोन गोष्टी एकत्र आल्या की रोग आलाच म्हणून समजा.

महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आठवडा आठवडा ऊन दिसत नाही आणि भिजलेला घोडा वाळतच नाही. माण-आटपाडीकडे पाऊस कमी. मेंढपाळ पावसाळा आपल्या कोरड्या मुलखात काढतात आणि दसरा-दिवाळीनंतर पश्चिमेकडे निघतात, त्यात जनावराच्या कातडीचेही हित आहे. पण अवकाळी पावसात सापडलेल्या तट्टाच्या पाठीवर ओल्या घोंगड्यासह बोजा राहिला, तर तिथेही हाच प्रकार होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-वारणाकाठची जनावरे चिखलपाण्यात उभी होती. अशा वेळी पायांना खपल्या धरण्याची भीती असते.

ओळखावे कसे?

पाठ, पुठ्ठे, मान आणि खुराच्या वरचा मागचा भाग इथे रोग जास्त दिसतो. सुरुवातीला डोळ्याला काही दिसत नाही. उलट्या हाताने केसांवरून हात फिरवला की बारीक गाठी लागतात. मग केस चिकटून रंगाच्या ब्रशसारखे पुंजके होतात. पुंजका उपटला तर केसांसह खपली हातात येते आणि खाली ओली, लालसर कातडी दिसते, कधी पिवळट पूही असतो. खाज फारशी नसते, दुखते मात्र जास्त. घोडा हात लावू देत नाही. पायाला झाले तर सूज येते, जनावर लंगडते.

गोल चट्टे पडून केस गळत असतील तर गजकर्ण असू शकते. जनावर सारखे अंग घासत असेल तर खरूज असू शकते. त्यांची औषधे वेगळी. शंका असल्यास खपलीचा नमुना पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावा.

उपचार

पहिले औषध म्हणजे कोरडी जागा. जनावर छपराखाली घ्या, खोगीर पूर्ण बंद करा. रोग थोडा असेल आणि कातडी कोरडी राहिली, तर तीन-चार आठवड्यांत बरे वाटते.

खपल्या कोरड्या असताना ओरबाडू नका. जनावराला वेदना होतात आणि जखम वाढते. एक भाग पोव्हिडोन आयोडीन व दहा भाग कोमट पाणी असे मिश्रण करून खपल्या भिजवा. क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू मिळाला तर तोही चालतो. दहा मिनिटे औषध राहू द्या. मऊ होऊन सुटतील तेवढ्याच खपल्या काढा, मग धुवून स्वच्छ फडक्याने पाठ टिपून कोरडी करा. धुतले आणि ओलेच बांधले तर केलेली मेहनत वाया जाते. सुरुवातीला आठवडाभर रोज, नंतर आठवड्यातून दोनदा असे करावे. निघालेल्या खपल्या गोठ्यात टाकू नका, जाळून टाका. माणसालाही क्वचित हा संसर्ग होतो, म्हणून हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

रोग अंगभर पसरला, ताप आला, पाय सुजला तर पेनिसिलिनसारखे इंजेक्शन लागते. ते पशुवैद्यकानेच द्यावे. गाई-म्हशीसाठी आणून ठेवलेले औषध घोड्याला टोचू नका. काही प्रतिजैविके घोड्याच्या आतड्यावर उलटतात आणि जुलाब लागून जनावर दगावू शकते.

हे करू नका

‘तेल चोपडलं की झालं’ असे पुष्कळांना वाटते. तेल, तूप किंवा गाडीचे जळके ऑइल लावले की ओल आतच कोंडते आणि जंतूचे फावते. जळक्या ऑइलने तर कातडी भाजते. पावसापासून बचाव म्हणून प्लास्टिकचा कागद पाठीवर घट्ट बांधणेही चुकीचे, त्याखाली घाम साचतो.

रोग येऊच नये म्हणून

छप्पर गळके नको आणि वारा खेळता हवा. जमिनीला उतार द्या, मुरूम टाका. घोडा भिजून आला की आधी पाणी निथळून पाठ पुसा, मग दाणा-वैरण. ओल्या पाठीवर खोगीर चढवू नका. खोगिराखालचे कापड प्रत्येक घोड्याचे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. ऊन नसेल तेव्हा चुलीच्या उबेला वाळवा. एकाच ब्रशने पाच घोड्यांना खरारा केला तर एकाचा रोग पाचांना लागतो. ब्रश जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्यावा. माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करा. रोज संध्याकाळी पाठीवरून उलटा हात फिरवण्याची सवय ठेवली, तर गाठी पहिल्या दोन दिवसांतच कळतात.

गावकारभाऱ्यांनी लक्ष द्यावे

कातडीच्या प्रत्येक गाठीला पावसाळी खपल्या समजून स्वस्थ बसू नये. पायावर किंवा पोटावर दोरीसारख्या ओळीत गाठी, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव, नाकातून घट्ट शेंबूड आणि ताप अशी लक्षणे असतील तर तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. अशा घोड्याला हात न लावता वेगळे बांधावे, हलवू नये, विकू नये आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी घोडेवाल्यांना व वाटेवरच्या मेंढपाळांना हे समजावून सांगावे. गाई-बैलांच्या अंगावर गाठी आल्या तर लंपीचीही शंका घ्यावी. लंपी घोड्याला होत नाही.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. अवघड आजारासाठी शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्यातच आहे.

आयोडीनची बाटली, दोन कोरडी फडकी आणि गळके छप्पर शाकारायला एक दिवस, एवढी तयारी मृगाआधी करून ठेवा. दसऱ्याला घोडा कामावर उभा राहील.