काठ गेला, चांदी कुठे गेली?

जुन्या चांदीच्या रुपयाच्या काठावर बारीक उभ्या खाचा असतात. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या घरातून निघालेल्या रुपयाचा हा काठ कधी गुळगुळीत, कधी फुगीर, तर कधी एकाच जागी वितळल्यासारखा दिसतो. कुणीतरी चांदी खरवडून घेतली, हा संशय लगेच येतो. त्याचा निकाल सोनाराच्या काट्यावर लागतो.

आधी रुपया कुठला ते पाहावं. १९४८ पर्यंत सेनगाव निजामाच्या राज्यात होतं आणि शिवेपलीकडचं रिसोड १९४७ पर्यंत इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात. म्हणून या भागाला निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही रुपये ओळखीचे. चारमिनार असलेला हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के चांदी. कलदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा; त्यात ९१.७ टक्के. हिशेब केला तर शुद्ध चांदी भरते ९.१४ आणि १०.६९ ग्रॅम, जवळजवळ सहास सात. बाजारातही सहा कलदारांना सात हाली असाच भाव चाले. धातूचं गणित व्यवहारात इतकं चोख उतरलेलं पाहून मला फार आनंद होतो.

आता काठाकडे. कानस फिरली असेल तर वजन आणि व्यास दोन्ही घटतात, आणि भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात. पण काठ हातोडीने ठोकला असेल तर व्यास घटूनही वजन तेवढंच राहतं. चांदीच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात; त्यामुळे धातू तुटत नाही, फक्त सरकतो. खाचा मिटतात, काठ जाड होतो. अशा रुपयातून चांदीची चोरी झालेली नसते.

वितळल्यासारखी जागा बहुतेकदा दागिन्याची खूण असते. तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत नाकं जोडलेले रुपये असत. हे जोडकाम हालीवर अवघड. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, पण चांदी-तांब्याचं ७२ला २८ हे मिश्रण ७७९ अंशांनाच. हालीत तांबं इतकं असतं की त्याच तापमानाला त्याचा काही भाग पातळ होऊ लागतो. म्हणून डाख त्याहून लवकर वितळावा लागतो. त्यासाठी त्यात जस्त मिसळतात. आच थोडी जास्त झाली की काठच ढासळतो, आणि हवेत तापलेलं तांबं काळपट थर सोडतं. हा थर घासून काढू नये. रुपया गळ्यात होता याचा पुरावा त्याच्यासोबत जातो.

एक काठ मात्र टांकसाळीनेच बदललेला आहे. १९४० मध्ये कलदारातली चांदी ५० टक्क्यांवर आली आणि बनावट नाणी रोखण्यासाठी काठाच्या खाचांमधून नक्षीदार चर काढली गेली. सहाव्या जॉर्जच्या रुपयावर ती दिसली तर कुणी छेडछाड केली असं समजू नये. दोऱ्याने पाण्यात टांगून तोलल्यास त्याची घनता सुमारे ९.५ भरते, जुन्या कलदाराची १०.३.