भाजीच्या टोपलीतील औषधशास्त्र

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या आणि आपले दत्तक पिता खंडेराव महाराज यांचे नाव दिलेल्या खंडेराव मार्केटमध्ये वडोदऱ्याची मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भाजी घेत आली आहेत. आपल्या घरातील पुदिना, तुळस आणि लोणच्याची गरमर, म्हणजेच माईनमुळा, ही तिन्ही एकाच कुळातील. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि ओठांसारखी फुले ही या कुळाची ओळख. कुळ एक असले तरी रसायने मात्र वेगवेगळी आहेत.

चटणीच्या पुदिन्याचा गंध मुख्यतः कार्व्होनचा असतो. मेंथॉल मिळते ते प्रामुख्याने उत्तर प्रदेशात पिकणाऱ्या जपानी पुदिन्यापासून. ते थंडीची जाणीव देणाऱ्या टीआरपीएम-८ या रिसेप्टरला चेतवते. त्यामुळे श्वासमार्ग रुंदावला नसतानाही नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. मात्र तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉल लावल्यास स्वरयंत्र आकसून श्वास अडखळू शकतो. मायेने केलेला हा उपचार टाळावा, हे प्रत्येक मातेला आवर्जून सांगावयास हवे.

तुळशीत युजेनॉल असते. लवंगेच्या तेलाचाही तोच मुख्य घटक. चार पानांत त्याची मात्रा अल्प असते. शुद्ध तेलाचे तसे नाही. लवंगेचे थोडेसे तेल पोटात गेल्यानेही लहान मुलांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

सर्वांत विलक्षण कथा माईनमुळ्याची. १९७० च्या दशकात मुंबईतील हेक्स्ट संशोधन केंद्रात या वनस्पतीच्या मुळातील फोर्स्कोलिनचा अभ्यास झाला. ते ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला थेट उद्दीपित करून पेशीतील सायक्लिक एएमपी वाढविते. परिणामी रक्तवाहिन्या व श्वासनलिका शिथिल होतात आणि बिंबिकांची गुठळी करण्याची प्रवृत्ती मंदावते. त्यापासून बनविलेले कोलफोर्सिन डॅरोपेट जपानमध्ये तीव्र हृदयविकलतेवर वापरले गेले.

लोणच्याच्या दोन फोडींनी रक्तदाब कोसळत नाही. परंतु वजन घटविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये याच मुळाचा अर्क एकवटलेला असतो. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने तो घेतला, तर दोहोंचा परिणाम एकत्र होण्याचा धोका संभवतो. असा रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसते.

म्हणून इतिहास घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: कोणती वनस्पती घेता, पान की तेल की अर्क, आणि किती?