पायाखालची जमीन जाळून वसलेले गाव

शेतात चर खणून पाणी काढून टाकायचे, वरचा थर वाळवायचा आणि मग शेतच पेटवून द्यायचे! नेदरलँड्समधील बार्गर-कॉम्पास्कुम या लहानशा गावाची पहिली पिके अशी राखेत उगवली.

जर्मनीच्या सीमेला लागून, ड्रेन्थ प्रांतात हे गाव आहे. पूर्वी इथे अफाट दलदल होती. हजारो वर्षे पाण्यात साचलेले शेवाळ पुरते कुजले नाही. त्याचा तपकिरी, स्पंजासारखा थर बनला. त्यालाच पीट म्हणतात. वाळले की ते गोवरीसारखे जळते.

'कॉम्पास्कुम' म्हणजे सामाईक कुरण. दोन्ही बाजूंचे मेंढपाळ येथे कळप चारत. १८२४ च्या मेपेन करारानंतर सीमा ठरली आणि १८६६ च्या सुमारास जर्मन कुटुंबे येथे कायमची राहू लागली.

राखेत ते कुट्टू पेरत. उत्तर भारतात उपवासाला ज्याच्या पुऱ्या करतात, तोच हा कुट्टू. पण एका रात्रीच्या कडाक्याच्या थंडीने उभे पीक करपून जाई. शिवाय सहा-सात वर्षांत जमिनीचा कस संपे.

पुढे कालवे आले आणि पीटच विकले जाऊ लागले. या साऱ्या भागात मजूर कुटुंबे पीट कापून, वाळवून होड्यांत भरत. बायका-मुलेही राबत. अनेक ठिकाणी मालकाच्याच दुकानातून वाणसामान घेण्याची सक्ती असे. कमाई फिरून त्याच्याच गल्ल्यात जाई. राहायला मातीच्या ढेकळांच्या झोपड्या! १८८३ मध्ये ड्रेन्थमध्ये आलेल्या चित्रकार व्हॅन गॉगने अशाच झोपड्या रंगवल्या.

कोळसा आणि वायू आल्यावर पीटची मागणी घटली. १९६६ मध्ये, शंभरी साजरी करताना, गावाने आपल्या गरिबीची खूण पुसली नाही. जुन्या झोपड्या पुन्हा उभारून त्यांचे संग्रहालय केले.

आता उलटे काम चालू आहे. कोरडे पडलेले पीट हवेत कार्बन डायऑक्साइड सोडते आणि जमीन खचते. म्हणून जवळच्या बार्गरव्हेन अभयारण्यात बांध घालून पावसाचे पाणी अडवतात आणि शेवाळ वाढू देतात.

पीट वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. पूर्वजांनी चुलीत घातलेला वीतभर थर परत यायला दोनशे वर्षे लागतील. पोटासाठी जाळलेल्या जमिनीचे कर्ज नातवंडे-पतवंडे असे फेडत आहेत.